चार तासांचा सांधा

कौतुक झालं की माणसाला बरं वाटतं, असं आपण समजतो. धाकट्याला विचारा. गेले पाच दिवस हाडांच्या वॉर्डात त्याचं इतकं कौतुक चाललं होतं, की कानात बोळे घालून बसावं असं त्याला झालं होतं.

सुरुवात केली शेजारच्या खाटेवरच्या पोस्टमनकाकांनी. जन्मभर जिने चढून चढून पत्रं वाटली, त्यात त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले. एक परवाच बदलला होता, दुसऱ्याची पाळी यायची होती. पाय बांधलेला, पण तोंड मोकळं. धाकटा बाबांचं तोंड ओल्या रुमालाने पुसतोय, उशी सारखी करतोय, चमच्याने सूप भरवतोय, हे त्यांनी एक दिवस नुसतं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "सुतारबुवा, हिरा आलाय हो तुमच्या पोटी! नाहीतर आमचा लेक. फोनवर विचारतो, बाबा जेवलात का, आणि मी हो म्हणायच्या आत ठेवून देतो."

झालं. तेव्हापासून धाकट्याचं नाव हिरा पडलं. सिस्टरसुद्धा म्हणायला लागल्या, "हिऱ्याला सांगा, ही गोळी जेवणानंतर."

आणि हिरा काय करत होता? पडेल ते करत होता. खाटेखालचं भांडं द्यायला आयाबाईंची वाट बघत नव्हता. दाढी करून देत होता. ऑपरेशन झालेल्या उजव्या पायाला हात लावायचा नाही म्हणून बाबांचा डावा पाय तासन्‌तास चेपत बसत होता. ताई म्हणाली, मी थांबते, तू घरी जाऊन पाठ टेक, तर ऐकायला तयार नव्हता. लोकांना वाटत होतं, केवढी ही माया! माया होतीच, खोटं कशाला बोला. पण मायेच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती फक्त त्यालाच माहीत होती. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं ते त्याच्यामुळे.

आता हे कसं, ते सांगायलाच हवं.

बाप-लेकाचं सुतारकामाचं दुकान. पुढे टेबलं-कपाटं, मागे लाकडाचा ढीग. दुकानात एक घोडी होती. घोडी म्हणजे वरच्या फळ्यांपर्यंत हात पोचावा म्हणून केलेलं दोन पायऱ्यांचं उंच बाकडं, बाबांनीच केव्हातरी केलेलं. (पोस्टमनकाकांना पहिल्यांदा सांगितलं, घोडीवरून पडले, तर ते म्हणाले, "या वयात घोड्यावर बसायची हौस!") तर या घोडीची वरची पायरी एका बाजूने हलायला लागली होती. बाबांनी बुधवारी सांगितलं, "जुना सरस खरवडून काढ, नवा लाव, शिकंजा कस आणि चोवीस तास हात लावू नकोस. सरसाला घाई कळत नाही."

हे वाक्य धाकट्याने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते कानावरून वाऱ्यासारखं जायचं. बुधवारी तो विसरला. गुरुवारी दुपारी आठवलं, तेव्हा त्याने सरस लावला, सांधा आवळून धरायचा दुकानातला एकुलता एक लांब शिकंजा पायरीवर कसला. संध्याकाळी एका गिऱ्हाईकाच्या कपाटाचं दार जोडायला तोच शिकंजा लागला. "एका शिकंज्यात माणसाने काय काय करायचं!" असं कुरकुरत त्याने तो घोडीवरून काढला. चारच तास झाले होते. पायरी हाताने दाबून बघितली. घट्ट वाटली. चार तासांनी सगळंच घट्ट वाटतं.

शुक्रवारी सकाळी बाबांनी विचारलं, "घोडी झाली का रे?"

तो रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "झाली."

बस, एवढंच. एक शब्द. बाबा घोडीवर चढले, कुठल्यातरी वरच्या फळीकडे हात लांब केला, आणि धाडकन आवाज आला. धाकटा धावला तेव्हा बाबा भुशात उजव्या कुशीवर पडले होते, तोंड पांढरंफटक. "चक्कर आली रे," ते म्हणाले. "पायाखालचं एकदम फिरलं."

धाकट्याने घोडी पाहिली. वरची पायरी उजव्या बाजूने सुटून लोंबत होती. सांध्यात सरस अजून ओलसर होता, चकचकत होता. आणि मग त्याने काय केलं, ऐका. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ताईला फोन केला, बाबांच्या डोक्याखाली स्वतःचा सदरा दिला, आणि कोणी यायच्या आत ती घोडी उचलून मागे फळ्यांच्या ढिगाआड टाकली. वर गोणपाट. विचार करून केलं नाही. हातांनी परस्पर केलं. पण हात काय शेजाऱ्याचे होते?

पडले, मोडलं, डॉक्टरांनी त्याच रात्री खुब्यात नवा गोळा बसवला. ऑपरेशन उत्तम झालं. इथवर असतं तर धाकट्याने मनातल्या मनात कान धरले असते आणि जन्मभर सेवा करून फेडलं असतं. पण गोष्ट इथवर थांबली नाही. बाबा उभेच राहीनात.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम घेणारी बाई येत होती. उंच, खणखणीत आवाजाची. वॉकर खाटेजवळ ठेवायची आणि म्हणायची, "चला आजोबा, आज दारापर्यंत." बाबा खाटेच्या कडेला बसायचे, वॉकरच्या दांड्या धरायचे, हाताच्या शिरा फुगायच्या, कपाळावर घाम यायचा, आणि म्हणायचे, "नको. फिरतंय." की परत आडवे.

पाचव्या दिवशी सकाळीही तेच झालं. बाई धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाली, "पाय ठीक आहे हो त्यांचा. शेजारचे पोस्टमन बघा, रोज मुतारीपर्यंत जाऊन येतात आणि वाटेत चार जणांशी गप्पा मारतात. तुमच्या बाबांच्या मनात भीती बसलीय. असेच पडून राहिले तर छातीत कफ होईल, पाठीला जखमा होतील. मग खाट सुटणं कठीण."

"भीती कसली?" धाकट्याने विचारलं. विचारलं म्हणजे काय, माहीत असूनच विचारलं.

आईचं असंच सुरू झालं होतं. एके दिवशी चक्कर आली म्हणून बसली, महिन्याभरात अर्धं अंग गेलं, आणि मग तीन वर्षं खाटेवर. बाबांनी ती तीन वर्षं रोज पाहिली होती. आता आपली पाळी, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बोलत नव्हते, पण धाकट्याला दिसत होतं. पाणी पिताना दोन्ही हातांनी पेला धरायचे. मधूनच डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघायचे, चालतायत का म्हणून. ज्या माणसाने चाळीस वर्षं एका नजरेत सांगितलं की फळी केसभर वाकडी आहे, तो स्वतःची बोटं मोजत होता. धाकटा समोर बसून बघत होता आणि पाय चेपत होता.

सांगायला नको होतं का? रोज ठरवत होता. सकाळी चहाच्या वेळी सांगू म्हणायचा, तर चहाला पोस्टमनकाका असायचे. दुपारी सांगू, तर बाबांचा डोळा लागलेला. मग रिपोर्ट येऊ देत, म्हणाला. कदाचित खरंच चक्कर आली असेल, डोक्यात काही निघेल, आणि मग आपली पायरी सुटली काय नि न सुटली काय! आपल्या बापाच्या डोक्यात काहीतरी निघावं, अशी वाट तो बघत होता. स्वतःच्या मनातलं हे त्याला ऐकू आलं तेव्हा तो संडासात जाऊन नळ सोडून नुसता उभा राहिला.

रिपोर्ट आले. हृदय ठणठणीत, मेंदूचा फोटो स्वच्छ, साखर वयाच्या मानाने बरी. डॉक्टर म्हणाले, "काही सापडत नाही. पण चक्कर येऊन पडलेत म्हटल्यावर मी धोका पत्करणार नाही. गोळ्या सुरू करू. थोडी गुंगी येईल. आणि यंत्रं, करवती, उंचावर चढणं, हे आता बंद."

ताई तिथेच होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे डॉक्टर अर्धं वाक्य बोलले की उरलेलं ती बोलते. तिने कामाची यादीच केली. बाबा इथून थेट तिच्या घरी जाणार. मोठी कामं बंद. यंत्रांना कुलूप. "आणि तू," ती धाकट्याला म्हणाली, "एकट्याने झेपेल तेवढंच काम घ्यायचं. बाबांना दुकानात पाऊल टाकू द्यायचं नाही. कळलं?"

"ताई, जरा थांबू या का? घाई कशाला?"

"घाई? उद्या करवतीवर चक्कर आली तर हात जाईल त्यांचा! तू सेवा करतोयस, सगळं खरं, पण डोकं मला चालवू दे."

त्याने जिभेवर आलेलं गिळलं. गेल्या पाच दिवसांत त्याने एवढं गिळलं होतं की जेवणाची भूकच लागत नव्हती.

ताई औषधं आणायला खाली गेली. दुपारची वेळ. पोस्टमनकाका दाराशी उभे राहून सिस्टरना कुठल्याशा जुन्या साहेबाची नक्कल करून दाखवत होते. बाबा छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, "इकडे ये. खुर्ची जवळ घे."

धाकटा जवळ सरकला.

"हत्यारांचं सांगून ठेवतो. मोठा रंधा तू घे, तुझ्या हाताला बसलाय. पटाशा सगळ्या तुझ्याच. माझी छोटी करवत मात्र कोणाला वापरायला देऊ नकोस, दाते बिघडतात. मी आता काही हात लावत नाही."

"बाबा, असं काय बोलताय? बरे व्हाल की."

"बरा होईन रे. पण भरवसा गेला. फळीला चीर गेली की तिच्यावर वजन टाकायचं नाही, मीच शिकवलंय ना तुला? मला चीर गेली. तुझ्या आईसारखीच." मग त्यांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांचा तळवा अजून खरखरीत होता, पण पकड नव्हती. "तू आहेस म्हणून निवांत आहे. तुझं काम चोख असतं. तेवढं एक बरं झालं."

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तोंडात मारली असती तरी चाललं असतं. पण चोख! धाकटा बोलला तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"बाबा, तुम्हाला चक्कर आली नव्हती."

"म्हणजे?"

"पायरी सुटली. घोडीची. मी सरस बुधवारी लावलाच नव्हता. गुरुवारी दुपारी लावला. आणि संध्याकाळी शिकंजा काढला, त्या कपाटाच्या दारासाठी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी झाली म्हटलं. झाली नव्हती. तुम्ही पडलात आणि मी घोडी लपवून ठेवली. फळ्यांच्या मागे आहे अजून."

एका दमात सगळं बोलला आणि थांबला. आता छत कोसळेल, असं त्याला वाटलं. काही कोसळलं नाही. दाराशी पोस्टमनकाका साहेबाच्या आवाजात ओरडत होते आणि सिस्टर हसत होत्या.

बाबांनी हात सोडला. चेहऱ्यावर राग नव्हता. दुरुस्तीला आलेली खुर्ची बघताना असायचा तसा चेहरा होता.

"शिकंजा किती वेळ होता?"

"चार तास."

"चार." ते पुटपुटले. "कुठली पायरी?"

"वरची."

"कुठली बाजू सुटली?"

"उजवी."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा खांदा किंचित हलला, जणू ते पुन्हा घोडीवर चढत होते. मग ते हळूच म्हणाले, "बरोबर. मी उजवीकडेच गेलो. डोकं नव्हतं फिरलं. आधी पाय गेला, मग मी." डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "आधी पाय गेला! अरे, चक्कर आलेला माणूस मटकन खाली बसतो, तुझी आई बसायची तशी. मी बसलो नाही. मी फेकला गेलो!"

"हो बाबा."

"सिस्टर!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की पोस्टमनकाकांचा साहेब अर्ध्यावरच राहिला. "त्या व्यायामवाल्या बाईंना बोलवा! आणि ती कुबडीगाडी आणा इकडे! मला चक्करबिक्कर काही आलेली नाही. या आमच्या गाढवाने पायरी कच्ची चिकटवली होती!"

वॉर्डातल्या बारा खाटा, बारा आजारी आणि त्यांचे नातेवाईक, सगळ्यांनी हिऱ्याकडे बघितलं. धाकट्याला वाटलं, या फरशीला एखादी भेग असती तर बरं झालं असतं. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते आनंदात होते. व्यायामवाली बाई येईपर्यंत त्यांनी ती गोष्ट पोस्टमनकाकांना सांगितली, आयाबाईंना सांगितली, पलीकडच्या खाटेवरच्या हात मोडलेल्या मुनिमाला सांगितली. "चोवीस तास लागतात, आणि याने ठेवला चार! चार तासांत साधी पाटीसुद्धा चिकटत नाही!" दर वेळी सांगताना त्यांचा आवाज चढत होता आणि चेहऱ्यावर रंग येत होता.

पोस्टमनकाका धाकट्याकडे वळून म्हणाले, "हिऱ्यापोटी गारगोटी, असं आहे होय हे प्रकरण!" सगळे हसले. धाकट्यालाही हसू आलं असतं, पण आलं नाही.

बाई आली. बाबांनी वॉकर धरला, दात खाल्ले आणि उभे राहिले. "फिरतंय" म्हणाले नाहीत. पहिल्याच फेरीत दारापर्यंत गेले, दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक केली, "हलकं लाकूड वापरलंय," असा शेरा मारला आणि परत आले. बाई म्हणाली, "आजोबा, हे पाच दिवस कुठे होतात?" संध्याकाळी डॉक्टरांनी धाकट्याला समोर उभं करून सगळं पुन्हा वदवून घेतलं, गोळ्यांवर काट मारली, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा असं पाहिलं की त्यापेक्षा बोलले असते तर बरं. ताईने तर त्याला बाहेर जिन्याशी नेलं.

"लहानपणी बरणी फोडून मांजराचं नाव सांगायचास. बदलला नाहीस. मांजर तरी पळून जायचं रे! ते इथे पडून मरणाची वाट बघत होते, आणि तू त्यांना सूप पाजत होतास?"

तो "हो" म्हणाला.

परत आला तेव्हा बाबा दमून पडले होते. वॉर्ड शांत होता, पोस्टमनकाकाही पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. धाकटा सवयीने पायथ्याशी बसला आणि त्याने डाव्या पायाला हात लावला. बाबांनी पाय हळूच ओढून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले.

मघाचा आनंद चेहऱ्यावरून गेला होता. आता राग होता. थंड, बसक्या आवाजातला. तसा राग धाकट्याने आधी कधी पाहिला नव्हता.

"पडलो, त्याचं काही नाही. सुताराच्या धंद्यात माणूस पडतो, बोटं तुटतात. मीही तुझ्या वयाचा असताना सांधे कच्चे सोडलेत. पण हे पाच दिवस, बाळ." त्यांनी श्वास घेतला. "पाच दिवस मी रोज सकाळी उठून बघत होतो, जीभ वळतेय का. तुझ्या आईची आधी जीभ गेली होती. मनातल्या मनात पाढे म्हणत होतो, डोकं जाग्यावर आहे का बघायला. आणि तू इथेच होतास. हातभर अंतरावर. हाड मोडलंस ते डॉक्टरांनी बसवलं. हे कोण बसवणार?"

धाकटा रडला. लाज सोडून रडला, नाक ओढत. बाबांनी त्याला समजावलं नाही. रडणं जरा ओसरल्यावर म्हणाले, "घरी जा. ताई थांबेल. ती घोडी बाहेर काढ. सरस खरवड, सगळा, लाकूड दिसेपर्यंत. नवा लाव, शिकंजा कस आणि चोवीस तास तिच्याजवळ बस. इथे यायचं नाही."

"चोवीस तास तर आपोआपच..."

"बस म्हटलं ना!"

तो गेला. सकाळी उजेडात त्याने गोणपाट दूर केलं. घोडी तशीच पडली होती, एक पायरी लोंबलेली. पटाशीने त्याने सरस खरवडला. पूर्वी तो दोन मिनिटांत उरकायचा, या वेळी दीड तास लागला. सांधा कोरडा करून बसवून पाहिला, काढला, पुन्हा बसवला. सरस लावला, शिकंजा कसला, कडेने बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसला आणि समोर बाकावर बसला.

नुसतं बसणं किती अवघड असतं! दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. कपाटवाल्याने विचारलं, दुसऱ्या झडपेचं काय? कपाटाला शिकंजा हवा होता आणि शिकंजा घोडीवर होता. धाकटा म्हणाला, "परवा. आज नाही देता येणार." गिऱ्हाईक पुटपुटत गेलं. किती सोपं होतं हे! गुरुवारी एवढंच म्हटलं असतं तर? दोन-चार शब्दांचं काम होतं. दिवसभर तो त्या पायरीकडे बघत बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की बाबा पाच दिवस असेच बसले होते, आपण तुटणार की धरणार याची वाट बघत. त्यांना निदान कोणी सांगितलं असतं की चोवीस तासांत कळेल!

तिसऱ्या दिवशी बाबांना घरी सोडलं. ताई गाडीतून घेऊन आली. वाटेत त्यांनी सांगितलं असावं, कारण गाडी घराशी न थांबता दुकानाशी थांबली. ताई कुरकुरत होती, पण दार तिनेच उघडलं. बाबा वॉकर टेकत, एकेक पाऊल मोजत आत आले. धाकटा पुढे झाला, तर त्यांनी मानेनेच लांब राहा म्हटलं. ते घोडीपाशी थांबले.

"किती झाले?"

"चोवीस केव्हाच होऊन गेले. आज सकाळी पन्नास झाले."

"शिकंजा अजून का काढला नाहीस?"

"तुम्ही काढाल म्हणून."

बाबांनी एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताने शिकंजा सैल केला. अंगठा सांध्यावरून फिरवला. पुढून, मागून, मग खालून, जिथे कोणी बघत नाही तिथे. मग म्हणाले, "चढ."

धाकटा चढला. खालची पायरी, मग वरची. उजव्या बाजूला पाय आधी अर्धाच टेकला, मग पुरता. पायरी हलली नाही.

"अगदी वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात बघ. फडक्यात गुंडाळलेलं आहे. तेच काढायला गेलो होतो मी."

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाही, ताईने नाही, त्यानेही नाही. बाबा का चढले होते? त्याने टाचा उंचावल्या, हात लांब केला. फडकं तेलकट होतं आणि आतली वस्तू जड होती. त्याने वरच एक टोक उलगडून पाहिलं. शिकंजा होता. लांब, जुना, मूठ झिजलेला, पण आट्यांना तेल लावून जपलेला.

"माझ्या बापाचा आहे," खालून बाबा म्हणाले. "गुरुवारी तू कुरकुरत होतास ना, एकात भागत नाही म्हणून. मी मागे लाकडं लावत होतो, ऐकलं. म्हटलं, सकाळी पोराला काढून देऊ."

धाकटा शिकंजा छातीशी धरून वरच उभा राहिला. खाली बघवेना आणि उतरताही येईना. मग पायाखाली काहीतरी हललं म्हणून त्याने पाहिलं, तर बाबांनी वॉकर एका हातात धरून दुसऱ्या हाताने घोडीचा उजवा पाय घट्ट पकडला होता.

"उतर आता," ते म्हणाले. "सावकाश. धरलीय मी."